पदरचा पैसा आणि सरकारचें अनुदान

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें राहुरी मागें टाकली म्हणजे थोड्याच वेळांत प्रवरा नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे कोल्हार खुर्द, तें राहुरी तालुक्यांत. पलीकडे कोल्हार बुद्रुक आणि त्याला लागूनच भगवतीपूर, तीं राहाता तालुक्यांत. पश्चिमेकडे लोणी व प्रवरानगर, पूर्वेकडे बेलापूर व श्रीरामपूर. भगवतीमातेच्या देवालयामुळें गांवाचें नांव भाविकांस ठाऊक आहे आणि उंसामुळें व्यापाऱ्यांस. जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें असलें तरी जुन्या माणसांच्या तोंडून ‘नगर’ सुटत नाहीं. या बाजूस कोणाही बागाइतदाराच्या ओसरीवर घटकाभर टेकलें तर एक प्रश्न हटकून कानीं येतो : “सध्यां कोणत्या योजनेचे पैसे सुटले आहेत?”

हाच प्रश्न, जरा निराळ्या शब्दांत, पुण्यामुंबईच्या कुटुंबांतही अलीकडे वारंवार निघूं लागला आहे. १९५७ सालच्या कृषकदिनीं ज्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या त्यांचा प्रश्न मिटला, परंतु ज्या घराण्यांत चारसहा एकर घरच्या वहिवाटींत राहिले, एक भाऊ गांवीं राहिला आणि बाकीचे नोकरीचाकरीस बाहेर पडले, त्या घराण्यांतून “सरकार एवढें देत असतां आपण कां घेऊं नये?” असें कोणी ना कोणी सणावारीं एकत्र जमल्यावर बोलून दाखवितो. मग वर्तमानपत्रांतलीं कात्रणें निघतात, ऐंशी टक्के, पस्तीस टक्के असे आंकडे कानांवर आदळतात आणि गांवचा भाऊ गप्प बसून राहतो. त्याच्या गप्प बसण्याचें कारण आळस नव्हे. तें काय आहे हें शहरांतल्या मंडळींनीं नीट समजून घेण्यासारखें आहे.

अनुदान या शब्दांतील ‘अनु’ या उपसर्गाचा एक अर्थ ‘मागून’ असा आहे. शब्द बनविणाऱ्याच्या मनांत काय होतें तें असो. पण सरकारी व्यवहारांत हा अर्थ अक्षरशः खरा ठरतो. आधीं पैसा खर्च होतो तो शेतकऱ्याचा किंवा बँकेचा. सरकारचा येतो तो मागून, आणि तोही ज्याचें नांव दप्तरांत चढलें असेल त्याच्याच खात्यावर. म्हणून योजना शोधण्यापूर्वी घरांत दोन गोष्टींचा निकाल लागावा लागतो. पहिला पैसा कोण घालणार, आणि जमीन कोणाच्या नांवें आहे? हे दोन प्रश्न सुटले तर योजना सांपडणें हें फारसें अवघड काम नाहीं, आणि ते न सुटले तर शंभर योजना सांपडूनही उपयोग नाहीं.

सरकारनें शेतकऱ्यास पैसा द्यावा ही कल्पना या भागांत नवी नव्हे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांच्या मागोमाग १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि १८८३ व १८८४ सालच्या कायद्यांनीं तगाईची व्यवस्था झाली. तगाई म्हणजे देणगी नव्हे, कर्जच. विहीर खोदण्यास, बांध घालण्यास, बीबियाणें व बैल घेण्यास दिलेलें. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. एवढें सारें होऊनही रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां असें दिसून आलें कीं, शेतकऱ्याच्या एकंदर कर्जांत सरकार व सहकारी संस्था मिळून शेंकडा ७ देखील पुरवीत नव्हत्या आणि शेंकडा ७० च्या आसपास कर्ज सावकारांचेंच होतें. पाऊणशें वर्षांची ही फलश्रुति!

परंतु हा अहवाल छापला जाण्यापूर्वीच कोल्हारच्या शेजारीं एक निराळा प्रयोग उभा राहिला होता, आणि आपल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांपेक्षां त्यांतच अधिक स्पष्ट सांपडतें.

भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि प्रवरेचे कालवे या मुलुखांतून वाहूं लागले. पाणी आलें म्हणून ऊंस आला, ऊंस आला म्हणून गुऱ्हाळें आलीं; पण गुळाचा भाव शेतकऱ्याच्या हातीं नव्हता. पाणीपट्टी मात्र ठरलेली. बेलापूर कंपनीचा हरिगांवचा कारखाना, टिळकनगरचा कारखाना असे खासगी साखर कारखाने जवळपास होते. परंतु त्यांचा भर स्वतःच्या मळ्यांवर. बारक्या बागाइतदाराच्या उंसास त्यांच्या दारीं मानाचें पान नव्हतें. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचें शिक्षण मराठी चार इयत्तांपलीकडे गेलेलें नव्हतें. परंतु त्यांनीं १९२३ सालींच गांवांत सहकारी पतपेढी काढली होती आणि सावकाराच्या वहींतून माणसें सोडविण्याचें काम कसें करतात हें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. दुसऱ्या बाजूस पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजचें शिक्षण घेतलेला हा पंडित बागाइतदारांच्या परिषदेंत येऊन, तुमचा कारखाना तुम्हींच काढा, असें सांगत होता. एकाजवळ गांवाचा विश्वास, दुसऱ्याजवळ हिशेबाची विद्या. तिसरे वैकुंठलाल मेहता. मुंबई सरकारांत अर्थ आणि सहकार हीं खातीं त्यांच्याकडे होतीं.

आतां येथें पैशाचा क्रम पाहण्यासारखा आहे. या तिघांचा संबंध इतका दृढ असतां सरकारकडून रोख रक्कम मागून घेऊन कारखाना उभारावा असें कोणाच्याही मनांत येऊं शकलें असतें. तसें झालें नाहीं. विखे पाटील गांवोगांव हिंडून भाग गोळा करीत राहिले. कारखान्याच्या नांवाखालीं आपल्या जमिनी जातील अशी धास्ती लोकांच्या मनांत होती. ती काढावी लागली. ज्याच्या घरांत लग्नकार्याला पैसा नाहीं त्यानें न पाहिलेल्या यंत्रासाठीं भागाची रक्कम काढून द्यावयाची, हें किती कठीण! ती काढली गेली तेव्हां सरकारनें आपले भाग घेतले आणि १९४८ सालीं नुकत्याच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचें कर्ज मिळालें. गाडगीळ अध्यक्ष झाले आणि ३१ डिसेंबर १९५० रोजीं प्रवरेच्या कारखान्यांत पहिला ऊंस गाळला गेला. विखे पाटलांस १९६१ सालीं पद्मश्री मिळाली. पुढें महाराष्ट्रांत या नमुन्यावर कारखान्यांची रांग लागली. त्यांतील कित्येकांस राजकारणाची कीड लागली आणि कित्येक कर्जांत बुडाले हेंही खरें, पण तो विषय निराळा. आपल्यापुरतें पाहावयाचें तें एवढेंच कीं, शेतकऱ्याचा पैसा पुढें झाला आणि सरकारचा त्याच्या मागून आला.

आजच्या योजनांची घडण, आंतून पाहिली तर, बरीचशी अशीच आहे.

ठिबकसिंचनाचेंच उदाहरण घ्या. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ या योजनेंत २ हेक्टरपर्यंतच्या लहान शेतकऱ्यास खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांस ४५ टक्के असें प्रमाण ठरविण्यांत आलें. महाराष्ट्र सरकारनें त्यांत स्वतःची भर घालून तें अनुक्रमें ८० व ७५ टक्क्यांवर नेलें. ऐंशी टक्के हा आंकडा ऐकून शहरांतला भाऊ हरखतो. पण तो आंकडा दुकानदाराच्या बिलावर नसून सरकारनें ठरविलेल्या मापदंडावर असतो. समजा, मापदंड १ लक्ष रुपयांचा आहे आणि बिल झालें १ लक्ष २० हजारांचें, तर मिळावयाचे ८० हजार. शिवाय आधीं अर्ज, मग पूर्वसंमति, मग खरेदी, मग मोक्यावर तपासणी, आणि त्यानंतर आधारशीं जोडलेल्या खात्यांत रक्कम. पूर्वसंमतीच्या आधीं नळ्या आणून टाकल्या तर सगळेंच मुसळ केरांत! आणि तपासणी झाल्यावर रक्कम केव्हां जमा होईल हें तिजोरीच्या स्थितीवर अवलंबून. महिनोन् महिने वाट पाहणारे शेतकरी या जिल्ह्यांत काय किंवा इतरत्र काय, पुष्कळ आढळतात. तोंवर दुकानदाराचें देणें कोणी भागविलें? गांवचा भाऊ गप्प बसतो तो येथें. त्याच्या हातीं तो १ लक्ष २० हजारांचा पहिला पैसा नसतो, आणि तो घरच्या मंडळींकडे मागण्याचा त्याला संकोच वाटतो.

याला अपवाद नाहींत असें नाहीं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेंत साधारण शेतकऱ्यानें खर्चाचा १० टक्के आणि अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें ५ टक्के एवढाच हिस्सा भरावयाचा ठेवला. बाकीची जुळणी सरकारनें पंप बसविणाऱ्याशीं परस्पर करावयाची. अशा योजनेवर उड्या पडतात आणि रांग लांबते, हें ओघानेंच आलें.

गांवांत उद्योग काढावयाचा असेल तर मामला आणखी निराळा. लाकडी घाणा, मसाल्याची गिरणी, दुधाचे पदार्थ, फळांचा रस असल्या उद्योगांस २०२० सालीं सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेंत ३५ टक्के, पण जास्तींत जास्त १० लक्ष रुपये, अनुदान ठेवण्यांत आलें. अर्जदारानें निदान १० टक्के स्वतःचे घालावे आणि उरलेलें बँकेनें कर्जाऊ द्यावें अशी रचना. पंतप्रधान रोजगारनिर्मिति कार्यक्रमांत ग्रामीण भागांत सर्वसाधारण वर्गास २५ टक्के, आणि स्त्रिया, मागासवर्ग, माजी सैनिक इत्यादिकांस ३५ टक्के. येथें एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. समजा, १० लक्षांचा घाणा काढावयाचा आहे. १ लक्ष घरचे, ९ लक्ष बँकेचे. सरकारचे साडेतीन लक्ष अर्जदाराच्या हातांत कधींच पडत नाहींत. ते बँकेकडे स्वतंत्र खात्यांत ठेवले जातात, तेवढ्या रकमेपुरतें व्याज थांबतें आणि तीन वर्षें उद्योग नीट चालला, हप्ते नियमानें भरले, तर शेवटीं ते कर्जांतून वजा होतात. उद्योग मध्येंच बंद पडला तर रक्कम सरकारकडे परत. म्हणजे अनुदानाची खरी परीक्षा अर्जाच्या दिवशीं नसून तीन वर्षांनीं आहे. बँकेचा अधिकारी सुद्धां अर्जदारास अनुदानाचे आंकडे विचारीत नाहीं. माल कोण घेणार, महिन्याला किती खपणार, हप्ता कशांतून भरणार, असें विचारतो. तो कठोर आहे असें आपण म्हणतों, पण हा प्रश्न घरांतल्या वडील माणसानें आधींच विचारावयास हवा होता.

या योजनांची मुदत ठराविक वर्षांची असते. ती संपते, वाढते, टक्के बदलतात. म्हणून वरील आंकडे समजुतीपुरते घ्यावे आणि अर्जापूर्वी चालू वर्षाचा शासननिर्णय तालुक्याच्या कृषिकचेरींत किंवा जिल्हा उद्योगकेंद्रांत स्वतः पाहावा. कोल्हारकरांची आणखी एक सोय आहे : याच रस्त्यावर बाभळेश्वरला कृषि विज्ञान केंद्र आहे आणि राहुरीला महात्मा फुले कृषि विद्यापीठ. योजनेचा कागद कोणीही देईल. आपल्या रानांत तें पीक येईल कीं नाहीं हें सांगणारा मनुष्य दारापाशीं असणें ही मोठी गोष्ट.

आतां दुसरा प्रश्न, नांवाचा. एकत्र कुटुंबांस तो पहिल्याहून अधिक जाचक आहे, म्हणून त्याविषयीं जरा विस्तारानें लिहितों.

आपल्या घराण्याचा जुना सातबारा काढून पाहा. पुष्कळ ठिकाणीं वडील बंधूंच्या नांवापुढें ‘ए. कु. मॅ.’ अशीं अक्षरें दिसतील. एकत्र कुटुंब मॅनेजर! मराठी, इंग्रजी आणि धर्मशास्त्र यांचा असा संगम दुसरीकडे क्वचितच सांपडेल. कर्त्याच्या नांवें जमीन लावावयाची, भावांनीं एकमेकांवर विश्वास ठेवावयाचा आणि व्यवहार चालू द्यावयाचा, अशी ती रीत होती. जोंपर्यंत सरकारचा संबंध सारा घेण्यापुरता होता तोंपर्यंत ती चालली. सरकार पैसे देऊं लागलें तेव्हां ती अडूं लागली. कर्ते पुरुष वारले. त्यांच्या पश्चात् कधीं नोंद झालीच नाहीं, तर कधीं फक्त त्यांच्याच मुलांचीं नांवें लागलीं आणि धाकट्या भावांच्या शाखा कागदावरून नाहींशा झाल्या. रानांत राबतो धाकट्याचा मुलगा, आणि सातबाऱ्यावर नांव थोरल्या काकांचें, जे वारून पंचवीस वर्षें झालीं! अशा मुलानें अर्ज केला तर तो पहिल्याच पायरीवर परत येतो. १५ एप्रिल २०२५ पासून तर कृषियोजनांस शेतकरी ओळखक्रमांक आवश्यक करण्यांत आला, आणि हा क्रमांक जमिनीच्या दप्तराशीं जोडलेला आहे. दप्तरांत नांव नाहीं तर क्रमांक नाहीं, क्रमांक नाहीं तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्जच भरतां येत नाहीं. पूर्वी तेथल्या अर्जांची सोडत निघे. २०२५ सालापासून जो प्रथम येईल त्यास प्रथम असा क्रम लावण्यांत आला. म्हणजे ज्याचे कागद तयार तो पुढें, आणि जो कागद जमवीत बसला तो मागें.

उपाय अवघड नाहीं, पण कोणी तरी मनावर घ्यावें लागतें. वारसाची वर्दी कायद्यानें तीन महिन्यांच्या आंत द्यावयाची असते. राहिली असली तरी अजूनही देतां येते. मृत्यूचा दाखला, वारसांचें प्रतिज्ञापत्र, वंशावळ हें तलाठ्याकडे (ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) द्यावें. वारसनोंदवहींत नोंद होते, फेरफार पडतो, नोटिसा निघतात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. १ एप्रिल २०२५ पासून सरकारनें ‘जिवंत सातबारा’ या नांवाची मोहीम काढली ती मृतांच्या जागीं वारसांचीं नांवें लावण्यासाठींच. नांवच किती बोलकें आहे पाहा! वारसांची नोंद पुरी झाल्यावर वाटणी करावयाची असेल तर जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखालीं तहसीलदारांकडे सर्वांच्या संमतीनें जातां येतें. वाटणी नको असेल तर निदान जो कसतो त्याला इतरांनीं संमतिपत्र द्यावें. सामाईक खात्यावर पुष्कळशा योजनांत तें मागतातच. नागपूरला असलेल्या काकांची सही, बंगळूरला असलेल्या चुलतभावाची सही, परदेशीं गेलेल्या आतेबहिणीची सही : या सह्या जमवितांना एक हंगाम जातो. म्हणून त्या गणपतीस किंवा दिवाळीस सर्व जमले असतां घेऊन ठेवाव्यात.

बहिणींची सही हा नाजुक भाग आहे, पण टाळून चालणार नाहीं. वडिलार्जित जमिनींत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हें २००५ सालच्या दुरुस्तीनें निर्विवाद झालें. “नुसती सही कर, अनुदानासाठीं हवी आहे,” असें म्हणून संमतिपत्राच्या जागीं हक्कसोडपत्रावर सही घेण्याचे प्रकार ऐकूं येतात. दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. संमतिपत्रानें लाभ एकानें घ्यावा एवढीच कबुली होते. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकापुढें नोंदवावें लागतें आणि हक्क कायमचा जातो. बहिणीनें आपखुशीनें हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण तिला कागद वाचून दाखविल्याशिवाय तिची सही घेणाऱ्या भावास आम्हीं भाऊ म्हणणार नाहीं.

नांवाच्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. पंतप्रधान किसान सन्मान योजनेंत वर्षास ६ हजार, आणि त्याला जोडून राज्यानें २०२३ सालीं सुरू केलेल्या नमो शेतकरी योजनेंत आणखी ६ हजार, असे थेट खात्यावर जमा होऊं लागले. येथें ‘कुटुंब’ म्हणजे पति, पत्नी आणि अज्ञान मुलें. एका चुलीवर जेवणारीं चार दांपत्यें सरकारच्या हिशेबीं चार कुटुंबें होतात, मात्र प्रत्येकाचें नांव जमिनीवर असलें पाहिजे. त्याचबरोबर ज्यानें मागच्या वर्षी आयकर भरला, ज्याचें निवृत्तिवेतन महिना १० हजार किंवा त्याहून अधिक आहे, जो नोंदणी करून वकिली, डॉक्टरकी किंवा तत्सम व्यवसाय करतो, तो या योजनेंतून वगळलेला. म्हणजे आपल्या वाचकांपैकीं पुष्कळ जण. जमीन माझ्या नांवें आहे म्हणून मींही अर्ज करतों, असें म्हणणाऱ्या सुशिक्षितांकडून मागाहून रक्कम परत घेतली गेल्याचीं उदाहरणें देशभर झालीं आहेत. गांवचा भाऊ, ज्याचें उत्पन्न करास पात्र नाहीं, त्याचें नांव लागलेलें असेल तर तो मात्र निःसंशय पात्र. आणि नेमकें त्याचेंच नांव कित्येकदां नसतें.

दुधाच्या अनुदानांतही नोंदीचें महत्त्व दिसून आलें. या जिल्ह्यांत गाईच्या दुधाचा धंदा मोठा. दर कोसळले म्हणून २०२४ सालीं सरकारनें लिटरमागें ५ रुपये आणि पुढें कांहीं काळ ७ रुपये दिले. पण गाईच्या कानांत बिल्ला हवा, तिची नोंद हवी, मालकाचें खातें आधारशीं जोडलेलें हवें. दूध तेंच, गाय तीच. ज्याच्या गाईच्या कानांत बिल्ला होता त्याला मिळालें.

घरांतल्या स्त्रियांनीं पापड, लोणचीं, मसाले यांचा व्यवसाय करावयाचा म्हटला तर त्यांस जमिनीच्या नांवाची अडचण नाहीं, हें एक बरें आहे. वर सांगितलेल्या अन्नप्रक्रिया योजनेंत बचतगटांतील प्रत्येक सभासद स्त्रीस, ती अन्नप्रक्रियेचें काम करीत असल्यास, ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची सोय ठेवण्यांत आली. उद्यम नोंदणी लागते आणि अन्नपरवान्याच्या खात्याची नोंदणी लागते. उद्यम नोंदणीस सरकार एक पैसाही घेत नाहीं. ती करून देण्याबद्दल कोणी दोनचार हजार मागूं लागला तर त्यास दार दाखवावें. तसेच अनुदान मंजूर करून देतों, शेंकडा दहा द्या, असें म्हणणारे हल्लीं प्रत्येक बाजारपेठेंत आहेत. यांचें भांडवल एकच : अर्जदाराची माहिती नसणें.

एकट्यादुकट्यास न झेपणारें काम पुष्कळांनीं मिळून करावयाचें असेल तर प्रवरेच्या कारखान्याचा मार्ग आजही, लहान प्रमाणांत, मोकळा आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठीं केंद्रानें २०२० सालीं जी योजना काढली तींत सपाट प्रदेशांत निदान ३०० सभासद हवे असें ठरलें. कंपनी चालविण्याच्या खर्चास तीन वर्षांत १८ लक्षांपर्यंत, आणि भागभांडवलास जोड म्हणून सभासदामागें २ हजारांपर्यंत, एकंदर १५ लक्षांच्या मर्यादेंत, अनुदान ठेवलें. ‘जोड’ या शब्दाकडे लक्ष असूं द्यावें. सभासदांनीं भाग घेतला १ हजाराचा तर सरकार देणार १ हजारच. २ हजारांचा घेतला तर २ हजार. गुदाम, प्रतवारीचें यंत्र, शीतगृह असल्या कामांस २०२० सालच्या कृषि पायाभूत निधींतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षें ३ टक्के व्याजाची सूट ठेवण्यांत आली. तीही अर्थातच कर्ज मिळाल्यावर. शहरांत हिशेबतपासणीसाचें, वकिलीचें, यंत्रशास्त्राचें ज्ञान मिळविलेल्या भावाबहिणींनीं गांवच्या अशा कंपनीचे कागद नीट ठेवून दिले तर तें गाडगिळांच्याच जातीचें काम होईल, आकार लहान असेल एवढेंच.

शेवटीं एका योजनेविषयीं, कारण ती बहुतेक घराण्यांच्या उरल्यासुरल्या जमिनीस लागूं पडण्यासारखी आहे. २०१८ सालीं सुरू झालेली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. कोंकणाबाहेर २० गुंठ्यांपासून ६ हेक्टरांपर्यंत. आंबा, चिकू, पेरू, डाळिंब, लिंबू, जें आपल्या जमिनीस मानवेल तें. अनुदान तीन वर्षांत विभागून : पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २०. परंतु दुसऱ्या वर्षाचा हप्ता शेंकडा ८० झाडें जगलीं असतील तरच, आणि तिसऱ्या वर्षाचा शेंकडा ९० जगलीं असतील तरच. खात्याचा मनुष्य रानांत येऊन झाडें मोजतो. दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९०, हें गणित पहिल्यानें चमत्कारिक वाटतें; मेलेलें झाड पुन्हां कसें जिवंत व्हावयाचें? त्याचा अर्थ असा कीं, मेलेल्याच्या जागीं नवें रोप लावून तूट भरून काढावयाची, आणि तीही स्वखर्चानें. म्हणून शंभर खड्डे घेतले तर रोपें एकशेंपंधरा आणावींत. जास्तीचीं पंधरा घराजवळ, न्हाणीच्या पाण्यावर, पिशव्यांतच वाढूं द्यावींत, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर जेथें जेथें खळगा रिकामा दिसेल तेथें तेथें त्यांतलें एकेक नेऊन लावावें.